स्कॉटलंडचा प्रश्न, वेस्टमिन्स्टरची मतपेटी

८ मे २०१५. पुण्यात पहाटेचे अडीच वाजले होते, लंडनच्या घड्याळात अजून आदल्या रात्रीचे दहाच. वेस्टमिन्स्टरसाठी, म्हणजे लंडनच्या संसदेसाठी, ब्रिटनमधलं मतदान संपलं आणि त्याच मिनिटाला एक्झिट पोल पडद्यावर आला. सगळी चर्चा हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन की मजूर (लेबर) पक्षाचे एड मिलिबँड एवढ्यावरच चालली होती. माझी नजर मात्र तिसऱ्या आकड्यावर खिळली: स्वतंत्र स्कॉटलंड मागणारी स्कॉटिश नॅशनल पार्टी (एसएनपी), ५८. स्कॉटलंडच्या वाट्याला मुळात जागाच होत्या ५९. मी डोळे चोळून पुन्हा वाचलं.

प्रत्यक्षात ५६ आल्या. पाच वर्षांपूर्वी याच एसएनपीकडे सहा जागा होत्या. मजूर पक्ष ४१ वरून एकावर आला, लिबरल डेमोक्रॅट ११ वरून एकावर. ग्लासगोजवळच्या पेझलीत मजूर पक्षाच्या देशभरच्या प्रचाराची सूत्रं हलवणारे डग्लस अलेक्झांडर हरले. त्यांना हरवणारी मारी ब्लॅक वीस वर्षांची होती, विद्यापीठातलं तिचं शिक्षणही अजून पूर्ण व्हायचं होतं. या पट्ट्यात मजूर पक्षाची मतं मोजत नाहीत, तोलतात, असं लोक म्हणायचे. तोच पट्टा एका रात्रीत कोरडा पडला.

माझं म्हणणं सरळ आहे. स्कॉटलंडने ब्रिटनमधून वेगळं व्हावं की नाही, हा प्रश्न सार्वत्रिक निवडणुकीत घुसल्यामुळे दोन्हींची नासाडी झाली आहे. प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, आणि निवडणूकही धड सरकार निवडण्याची राहत नाही. याचं खापर एकट्या स्कॉटिश राष्ट्रवाद्यांच्या डोक्यावर फोडता येणार नाही. त्यांना जायला दुसरा दरवाजा लंडनने ठेवलेलाच नाही.

आधी आकड्यांकडे बघू, कारण खरी गंमत नाही, खरी फसगत तिथेच आहे. २०१५ मध्ये एसएनपीला स्कॉटलंडमधली ५० टक्के मतं मिळाली आणि जागा मिळाल्या ९५ टक्के. मजूर पक्षाला सात लाखांवर मतं पडली, जागा एक. २०२४ मध्ये एसएनपीलाही सात लाखांवरच मतं पडली, म्हणजे ३० टक्के, आणि ५७ पैकी जागा आल्या ९. दुसऱ्या दिवशी लंडनच्या स्टुडिओंमध्ये बसून मंडळी सांगू लागली की स्वातंत्र्याचा विषय आता मिटला. पण ऑक्टोबर १९७४ ची निवडणूक आठवून बघा. तेव्हाही एसएनपीची मतं ३० टक्केच होती आणि ७१ पैकी ११ जागा होत्या. त्या वेळी त्याच लंडनला घाम फुटला होता, स्कॉटलंड हातातून चाललं म्हणून. त्याच ३० टक्क्यांना एकदा लाट म्हटलं गेलं आणि एकदा शेवट.

ज्याची मतं जास्त त्याची जागा, ही पद्धत आपल्याकडेही आहे, त्यामुळे हे समजायला जड जाऊ नये. स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावं का, यावरच्या १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात ४४.७ टक्के लोक 'हो' म्हणाले, ५५.३ टक्के 'नाही'. 'हो' हरलं. आठ महिन्यांनी निवडणूक आली तेव्हा 'हो' म्हणणारे बहुतेक सगळे एका पक्षामागे उभे राहिले आणि 'नाही' म्हणणारे तीन पक्षांत वाटले गेले. हरलेली बाजू जवळपास सगळ्या जागा घेऊन गेली. मतदारांचं मन फारसं बदललं नव्हतं. बदलला होता तो मोजण्याचा तराजू.

या सगळ्याच्या मुळाशी १७०७ चा करार आहे. त्या वर्षी स्कॉटलंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली, पण न्यायालयं, कायदा, चर्च आणि शिक्षण स्कॉटलंडने आपलंच ठेवलं. घर एक झालं, चूल मोडली नाही. ही भागीदारी इतकी वर्षं टिकली याचं एक मोठं कारण साम्राज्य होतं, आणि ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश. त्याच्या जागी आलेला जॉन माल्कम स्कॉटिश. चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजला ज्याचं नाव आहे तो जॉन विल्सनही स्कॉटिश. आपण सगळ्यांना सरसकट 'इंग्रज' म्हणून मोकळे झालो. पण कंपनीच्या नोकऱ्या, व्यापार, पलटणी यांत स्कॉटलंडला घसघशीत वाटा होता, आणि नफा येत होता तोवर भागीदारी मोडायचं कुणाच्या मनात नव्हतं. १९५५ मध्ये तर हुजूर पक्षाची स्कॉटिश शाखा आणि तिचे मित्र यांना मिळून तिथे निम्म्याहून किंचित जास्त मतं पडली.

मग साम्राज्य गेलं, क्लाइड नदीकाठची जहाजबांधणी खंगत गेली. १९६७ मध्ये हॅमिल्टनच्या पोटनिवडणुकीत एसएनपीच्या विनी युइंग यांनी मजूर पक्षाचा गड घेतला. तीन वर्षांनी उत्तर समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला आणि 'हे स्कॉटलंडचं तेल आहे' ही घोषणा भिंतीभिंतीवर लागली. १९७४ च्या त्या ११ जागांमागे हे सगळं होतं. मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांचं बहुमत तेव्हा अवघं तीनचं. स्कॉटलंडला स्वतःचं विधिमंडळ देण्याचं मजूर पक्षाने कबूल केलं त्यामागे तत्त्व किती आणि जागा जाण्याची भीती किती, याचा हिशोब ज्याने त्याने करावा. माझ्या मते भीती जास्त होती.

१९७९ मध्ये त्या विधिमंडळासाठी सार्वमत झालं. पण आधीच एक पाचर मारून ठेवली होती: नुसतं बहुमत पुरणार नाही, एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी ४० टक्क्यांनी 'हो' म्हटलं पाहिजे. ही दुरुस्ती आणणारे जॉर्ज कनिंगहॅम मजूर पक्षाचेच, जन्माने स्कॉटिश, निवडून आलेले लंडनमधून. १ मार्चला ५१.६ टक्के मतं 'हो'च्या बाजूने पडली. एकूण मतदारांशी त्यांचं प्रमाण ३२.९ टक्के भरलं. जे घरी बसले ते, आणि जे वारले तरी यादीत राहिले तेही 'नाही'च्या पारड्यात मोजल्यासारखे झाले. जिंकूनही हरणं म्हणजे काय, ते स्कॉटलंडने त्या दिवशी पाहिलं.

चिडलेल्या एसएनपीच्या ११ खासदारांनी मजूर पक्षाचे पंतप्रधान जिम कॅलहन यांच्या सरकारविरुद्ध अविश्वासाचं पाऊल उचललं. हुजूर पक्षाच्या नेत्या मार्गारेट थॅचर तेवढ्यासाठी टपूनच होत्या. २८ मार्चच्या रात्रीची ती मोजदाद मला नेहमी आठवते. मजूर पक्षाचे एक खासदार, सर आल्फ्रेड ब्रॉटन, मरणपंथाला लागले होते. त्यांना रुग्णवाहिकेतून लंडनला आणायचं का, यावर खल झाला आणि नको असं ठरलं. उत्तर आयर्लंडहून फ्रँक मॅग्वायर नावाचे अपक्ष खासदार आले ते तटस्थ राहायला. निकाल लागला ३११ विरुद्ध ३१०. सरकार एका मताने पडलं. ब्रॉटन पाच दिवसांनी वारले. नाताळात ज्यांची मेजवानी होते ते टर्की पक्षीच नाताळ लवकर यावा म्हणून मत देताना इतिहासात पहिल्यांदा दिसत आहेत, असं कॅलहन त्याच दिवशी भाषणात एसएनपीला उद्देशून म्हणाले होते. झालंही तसंच. मे महिन्यातल्या निवडणुकीत एसएनपी ११ वरून २ वर आली, थॅचर पंतप्रधान झाल्या आणि विधिमंडळाचा विषय अठरा वर्षं गाडला गेला.

एसएनपीने तेव्हा आत्मघात केला असं आजही सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. लोकांनी बहुमताने मागितलेली गोष्ट नाकारली गेल्यावर त्या ११ जणांनी करायचं काय होतं? रागावर मतदानाशिवाय दुसरा इलाजच नव्हता, आणि त्या मतदानाचा फायदा तिसऱ्यानेच उचलला. पुढे हे असंच घडत राहिलं.

थॅचर यांच्या काळात स्कॉटलंड दर निवडणुकीला मजूर पक्षाला भरभरून मतं देई आणि दर वेळी सरकार हुजूर पक्षाचं येई. १९८७ मध्ये स्कॉटलंडच्या ७२ पैकी हुजूर पक्षाकडे दहा जागा उरल्या होत्या. तरीही डोईपट्टी, म्हणजे श्रीमंत-गरीब न बघता माणशी लावलेला कर, आधी स्कॉटलंडमध्ये लागू झाली, १९८९ साली, इंग्लंडच्या वर्षभर आधी. स्वातंत्र्याच्या चळवळीला त्या कराने जेवढं बळ दिलं तेवढं एसएनपीच्या कुठल्याही भाषणाने दिलं नसेल. १९९७ मध्ये हुजूर पक्षाची स्कॉटलंडमध्ये एकही जागा उरली नाही. त्याच सप्टेंबरमध्ये नवं सार्वमत झालं, ७४ टक्के लोकांनी विधिमंडळ मागितलं आणि १९९९ मध्ये एडिनबरात ते भरलं. १७०७ साली तहकूब झालेली संसद पुन्हा सुरू होत आहे, असं ज्येष्ठ सदस्य म्हणून विनी युइंग यांनीच जाहीर केलं.

इंग्लंडची बाजूही ऐकायला हवी, कारण ती खोटी नाही. स्कॉटलंडचं शिक्षण, आरोग्य आता एडिनबरात ठरतं. इंग्लंडचं मात्र लंडनच्या संसदेत ठरतं, आणि तिथे स्कॉटिश खासदारही मत देतात. वेस्ट लोथियनचे खासदार टॅम डिएल यांनी हा पेच १९७७ मध्येच मांडला होता. २००४ मध्ये इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांची विद्यापीठ फी वाढवणारं विधेयक ३१६ विरुद्ध ३११ मतांनी पुढे सरकलं. स्कॉटिश खासदार नसते तर ते अडलं असतं, आणि त्या खासदारांच्या मतदारसंघांतल्या मुलांना ती फी लागणार नव्हती. इंग्लिश आईबापांना राग आला असेल तर तो मला समजतो.

या रागाचं भांडवल कसं झालं, तो भाग मला सगळ्यात जास्त खुपतो. २०१४ च्या सार्वमताच्या दोन दिवस आधी कॅमेरन, मिलिबँड आणि लिबरल डेमोक्रॅटांचे निक क्लेग या तिघांनी सह्या करून स्कॉटलंडला जादा अधिकारांचं वचन दिलं. एका दैनिकाच्या पहिल्या पानावर ते छापून आलं. १९ सप्टेंबरच्या सकाळी निकाल लागला, आणि अजून लोक झोपेतून उठत होते तोवर कॅमेरन डाउनिंग स्ट्रीटच्या, म्हणजे पंतप्रधानांच्या निवासाच्या, दारात उभे राहून इंग्लंडच्या कायद्यांवर इंग्लंडचीच मतं हवीत असं बोलू लागले. रहा म्हणून विनवलं, राहिले, आणि राहिल्याबरोबर परकेपणा दाखवला. पुढच्या काही महिन्यांत एसएनपीची सदस्यसंख्या २५ हजारांवरून लाखावर गेली ती उगाच नाही.

मग २०१५ च्या प्रचारातलं ते पोस्टर. सुटाबुटातले एसएनपीचे आधीचे नेते अॅलेक्स सॅमंड, आणि त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशातून बाहुल्यासारखे डोकावणारे एड मिलिबँड. एवढंच चित्र. त्याचा रोख इंग्लंडमधल्या मतदारावर होता: मजूर पक्षाला मत दिलंत तर हा माणूस तुमच्या तिजोरीला हात घालेल. हा बागुलबुवा स्कॉटलंडमध्ये चालणारच नव्हता आणि चालवायचाही नव्हता. हुजूर पक्षाला तिथे गमावण्यासारखं होतं तरी काय? एकच जागा. कमाई इंग्लंडमध्ये होती. दक्षिण-पश्चिम इंग्लंडमधल्या लिबरल डेमोक्रॅटांच्या सगळ्या जागा गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक हुजूर पक्षाने उचलल्या. कॅमेरन यांना ३३१ जागा मिळाल्या. स्कॉटलंडमुळे मजूर पक्ष हरला असं म्हणतात, पण मजूर पक्षाने गमावलेल्या चाळीसही जागा परत जोडल्या तरी २३२ चे २७२ होतात, ३३१ च्या जवळपासही पोचत नाहीत. स्कॉटिश राष्ट्रवादाचा ब्रिटिश निवडणुकीवरचा खरा परिणाम स्कॉटलंडच्या सीमेबाहेर झाला. एसएनपीचा उमेदवारही नव्हता अशा ठिकाणी तिच्या भीतीने मतं फिरवली. आणि त्या बहुमताच्या जोरावर कॅमेरन यांनी युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावरचं सार्वमत घेतलं.

जून २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या ६२ टक्के लोकांनी युरोपात राहायला मत दिलं. ३२ पैकी एकही पालिका क्षेत्र बाहेर पडण्याच्या बाजूने गेलं नाही. तरी बाहेर पडावं लागलं. पुढच्या वर्षी कॅमेरन यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी निवडणूक घेतली तेव्हा दुसरं सार्वमत नको म्हणणाऱ्या स्कॉटिश मतदारांनी हुजूर पक्षाच्या पदरात १३ जागा टाकल्या, आदल्या खेपेपेक्षा बारा जास्त. मे यांना एकूण ३१७ मिळाल्या. त्या बारा वजा केल्या असत्या तर उत्तर आयर्लंडच्या दहा खासदारांचा टेकू घेऊनही सरकार उभं राहिलं नसतं. आता बघा काय झालं: ब्रिटन एकसंध राहावा म्हणून ज्या स्कॉटिश माणसाने मत दिलं, त्याच्याच मताने ब्रेक्झिट रेटणारं सरकार तगलं, आणि ब्रेक्झिटमुळे स्वातंत्र्याची मागणी पुन्हा पेटली. त्या माणसाने चूक केली असं मी म्हणणार नाही. त्याच्या हातात एक कागद होता, त्यावर दोन प्रश्न होते आणि खूण एकच करता येत होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला सार्वमत घेता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल. एसएनपीच्या तेव्हाच्या नेत्या निकोला स्टर्जन यांनी लगेच जाहीर केलं की मग पुढची सार्वत्रिक निवडणूक हेच सार्वमत. मला ही त्यांची मोठी चूक वाटते. वीजबिल, दवाखान्यातल्या रांगा आणि चौदा वर्षांच्या हुजूर सरकारचा वीट, हे सगळं मनात घेऊन माणूस मतदानाला जातो. त्याच्या मतातून फक्त स्वातंत्र्याचा धागा वेगळा कसा काढणार? २०२४ मध्ये एसएनपीने जाहीरनाम्याच्या पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीत स्वातंत्र्य लिहिलं, आणि ते हवं असलेल्या कितीतरी जणांनीही हुजूर पक्षाला घालवण्यासाठी मजूर पक्षाला मत दिलं. एसएनपीचा एडिनबरातला सतरा वर्षांचा कारभार आणि पक्षाच्या पैशांची पोलीस चौकशी, हेही लोकांच्या डोळ्यांसमोर होतंच.

इथे मराठी वाचक मला अडवेल. १९५७ मध्ये आपण हेच केलं नव्हतं का? संयुक्त महाराष्ट्र समितीने लोकसभेची निवडणूक एका प्रश्नावर लढवली, पुण्यातून ना. ग. गोरे आणि मुंबईतून डांगे निवडून आले, आणि तीन वर्षांनी महाराष्ट्र झाला. आक्षेप रास्त आहे. देशातलं राज्य मागणं आणि देश सोडणं यांतला फरक बाजूला ठेवला तरी आणखी एक फरक उरतो, आणि तो मला निर्णायक वाटतो. काँग्रेसला महाराष्ट्र हवा होता. इथल्या पराभवाने दिल्लीला चटका बसला, कारण पुढच्या निवडणुकीत इथूनच जागा आणायच्या होत्या. हुजूर पक्षाला स्कॉटलंडमधून फारशा जागा लागतच नाहीत. उलट स्कॉटलंडला ताठ 'नाही' म्हणण्याने त्याची इंग्लंडमध्ये मतं वाढतात. नकाराचाच नफा मिळत असेल तर होकार कोण देईल?

मी स्वतः स्वातंत्र्याच्या बाजूचा नाही. चलन कुठलं वापरणार, इंग्लंडशी एवढा व्यापार असताना सीमेवर तपासणी कशी टाळणार, याची उत्तरं मला अजून पटलेली नाहीत. पण विचारण्याचा रस्ता असला पाहिजे, आणि ब्रिटनला तो आखता येतो हे त्यानेच दाखवून दिलं आहे. १९९८ च्या शांतता करारानंतर उत्तर आयर्लंडसाठी कायदाच झाला: बहुसंख्य लोक आयर्लंडमध्ये जायला मत देतील असं दिसलं तर मंत्र्याने सार्वमत घ्यायलाच हवं, आणि दोन सार्वमतांमध्ये किमान सात वर्षं हवीत. त्यामुळे तिथली सार्वत्रिक निवडणूक प्रश्नमुक्त झाली असं नाही, पण दार कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. स्कॉटलंडसाठी असं काहीच लिहिलेलं नाही. तिथे दार म्हणजे डाउनिंग स्ट्रीटमध्ये त्या दिवशी जो बसला असेल त्याची मर्जी. २०१२ मध्ये कॅमेरन यांनी २०१४ च्या सार्वमतासाठी मर्जी दाखवली, नंतरच्या कुणीच नाही.

स्कॉटलंडसाठी हा कालावधी सातच्या दुप्पट ठेवा, हवं तर पंधरा वर्षं. सार्वमत हवं असं सांगून निवडून आलेल्यांचं स्कॉटिश संसदेत बहुमत असलं पाहिजे अशी अट घाला, प्रश्नाचे शब्द निवडणूक आयोगाला ठरवू द्या. पण ते कायद्यात लिहा. असं केल्याने वेगळं होणं सोपं होईल म्हणून लंडन घाबरतं. मला उलट वाटतं. तारीख ठाऊक असली तर मधल्या वर्षांत एसएनपीला शाळा आणि दवाखान्यांवर मतं मागावी लागतील, आणि मजूर किंवा हुजूर कुणालाच खिशातल्या बाहुल्याचं पोस्टर छापता येणार नाही.

समजा, डंडी शहरातली एक मुलगी. २०१४ च्या उन्हाळ्यात तिला सोळावं लागलं. सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलांनाही मत होतं, त्यामुळे देश राहावा की मोडावा हे तिला विचारलं गेलं. आठ महिन्यांनी वेस्टमिन्स्टरची निवडणूक आली तेव्हा तिथे वयाची अट अठराची, म्हणून तिला घरी बसावं लागलं. त्यानंतर २०१७, २०१९, २०२४, तीनदा तिने वेस्टमिन्स्टरसाठी मत दिलं, आणि तिन्ही वेळा तिच्या मतातून स्वातंत्र्याचं उत्तर दुसऱ्यांनीच वाचून घेतलं. तिला तो प्रश्न पुन्हा कधी विचारला जाईल, हे ब्रिटनच्या कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.